मर्लोचं शुद्धिपत्र

वेलांटीकाकांनी आयुष्यातली पहिली वाइन घेतली ती तत्त्वासाठी. असं ते स्वतः सांगतात, आणि सांगताना आवाज असा लावतात, की ऐकणाऱ्याला वाटावं यांनी वाइन घेतली नसून उपोषणच केलं. खरी गोष्ट अशी की ती त्यांनी हट्टापायी घेतली, आणि हट्ट होता एका शब्दाचा. शब्द होता 'कोरडी'.

काका एका छापखान्यात मुद्रितशोधक. म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. बाकीची माणसं हेच काम जन्मभर फुकट करतात. एकतीस वर्षं लाल पेन चालवून त्यांची नजर अशी झाली होती, की खोकल्याचं औषध घेतानासुद्धा ते बाटलीवरचं लेबल आधी दुरुस्त करत, मग झाकण उघडत. तोवर खोकला आपोआप थांबलेला असे. कुणाची वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली की हे जागीच लाल पेन उपसायचे, म्हणून नाव पडलं वेलांटीकाका.

या माणसाला एकच अभिमान होता. पुस्तक छापून झाल्यावर चुका सापडल्या, की 'अमुक पानावर अमुक ऐवजी तमुक वाचावे' असा एक ओशाळवाणा कागद आत घालावा लागतो. त्याला शुद्धिपत्र म्हणतात. काकांच्या हाताखालून गेलेल्या एकाही पुस्तकाला तो कधी लागला नव्हता. गेल्या महिन्यात छापखान्याच्या मालकांनी चुका शोधणारा एक कॉम्प्युटर प्रोग्राम आणला, तेव्हा काका सगळ्यांसमोर म्हणून बसले, "ज्या दिवशी माझ्या पुस्तकाला शुद्धिपत्र लागेल, त्या दिवशी मी राजीनामा देऊन घरी बसेन. मग त्या डबड्याला खुशाल माझ्या खुर्चीवर बसवा!" बोलून गेले झालं. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, आणि ऐकणारे नेमकं तेवढंच लक्षात ठेवतात.

तर अशा वेळी छापखान्यात एक सोळा पानी पुस्तिका आली. मजकूर लिहिला होता एका हॉटेलच्या मालकीणबाईंनी, स्वतःच्या हातानं, आणि मोठ्या प्रेमानं. विषय असा, की मर्लो नावाची जी लाल वाइन असते ती कशाबरोबर घ्यावी आणि कशाबरोबर घेऊ नये. रविवारी दुपारी हॉटेलात पाहुणे बोलावून वाइन आणि जेवण चाखायचा कार्यक्रम होता, तिथे ती वाटायची होती. बाई स्वतः प्रूफ बघणार होत्या, पण त्यांना द्राक्षमळ्यावर जावं लागलं. फोनवरून म्हणाल्या, "काका बघतायत ना? मग मला बघायची गरज काय!"

काकांची छाती फुगली. फुगलेल्या छातीनं प्रूफ वाचू नये, हे त्यांना कळायला हवं होतं.

तिसऱ्याच पानावर वाक्य आलं: 'मर्लो ही कोरडी लाल वाइन आहे.' काका थबकले. पातळ वस्तू कोरडी कशी असेल? उघड उघड कंपोझ करणाऱ्याची डुलकी. त्यांनी लाल पेन उचललं आणि 'कोरडी'चं 'थोडी' केलं. मर्लो ही थोडी लाल वाइन आहे. वाः! पाचव्या पानावर ही वाइन 'भरल्या अंगाची' निघाली. घरोघरी जाणाऱ्या पुस्तिकेत हे शोभतं का? काकांनी इकडेतिकडे बघून 'भरल्या रंगाची' केलं. आठव्या पानावर होतं, 'पिण्याआधी तिला अर्धा तास श्वास घेऊ द्या.' बाटलीला कुठली आलीत फुप्फुसं! तिथे झालं, 'पिण्याआधी अर्धा तास श्वास घ्या.' अकराव्या पानावर लिहिलं होतं, 'नाजूक माशाशी ती भांडते.' इथे तर काकांना हसूच आलं. एक अख्खं अक्षर गाळलंय आणि दुसरं चुकवलंय! त्यांनी दुरुस्ती केली, 'नाजूक माणसाशी ती भांडते,' आणि पुस्तिका छापायला सोडली.

गुरुवारी सकाळी बाई छापखान्यात आल्या त्या पुस्तिका हातात उघडी धरूनच. त्यांनी ती चारही वाक्यं मोठ्यानं वाचून दाखवली. मशीनवाल्यानं नीट ऐकू यावं म्हणून मशीन बंद केलं.

"काका, हे काय करून ठेवलंत?" बाई म्हणाल्या. "माझे पाहुणे अर्धा तास नुसता श्वास घेत बसणार आहेत का?"

"बाई, द्रव पदार्थ कोरडा नसतो," काका म्हणाले.

"वाइन असते."

"भाषेत बसत नाही."

"चाखलीय का कधी?"

"मी विषांवरचं पुस्तकही तपासलंय," काका ताठ मानेनं म्हणाले. "चाखून नाही तपासलं."

मालक मधे पडले. हॉटेलची मेनूकार्डं, बिलबुकं, पावत्या, सगळी छपाई या छापखान्यात व्हायची, त्यामुळे मालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते हळूच म्हणाले, "एक शुद्धिपत्र घालू या. छोटंसं."

सगळा छापखाना काकांकडे बघायला लागला. त्यातले चारजण तर कॉम्प्युटरकडेही बघत होते. काकांचा चेहरा पांढरा पडला. बाईंना राजीनाम्याची भानगड ठाऊक नव्हती, पण चेहरा कुणालाही वाचता येतो. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही मर्लो घ्या. शनिवारी जेवणाबरोबर चाखा. तुमच्या चारांपैकी एक जरी दुरुस्ती खरी निघाली, तरी पुस्तिका आहे तशी वाटेन. नाहीतर शुद्धिपत्र."

झालं. ज्यांनी आजवर सरबतसुद्धा 'घसा धरतो' म्हणून नाकारलं होतं, ते वेलांटीकाका वर्तमानपत्रात बाटली गुंडाळून घरी निघाले. काखेतलं पुडकं असं काही धरलं होतं, की रस्त्यावरच्या लोकांनी त्यात बाटलीच आहे हे शंभर पावलांवरून ओळखावं.

सोसायटीच्या फाटकात सेक्रेटरी उभे होते. हे गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांच्यापुढे कायम एक वही असायची, 'आत येणारा माल' नावाची, आणि तिला दोन रकाने होते: ओला माल आणि कोरडा माल. तिसऱ्या मजल्यावरची माशांची काचपेटी फुटून खालच्यांच्या गाद्या भिजल्या, तेव्हापासून ओल्या मालाला खालच्या बिऱ्हाडाची लेखी हरकत-नाही लागायची. कोरडा माल सरळ वर जायचा.

"काय आहे?" सेक्रेटरींनी पेन सरसावलं.

"वाइन."

"ओली की कोरडी?"

नियती इतक्या लवकर आणि इतक्या फालतू जागी गाठेल असं त्यांना वाटलं नव्हतं. 'कोरडी' म्हटलं असतं तर दोन मिनिटांत घरी पोचले असते. पण एकतीस वर्षांची तपश्चर्या फाटकात सोडायची? ते छाती काढून म्हणाले, "ओली! वाइन ओलीच असते!"

"मग अर्ज करा," सेक्रेटरी म्हणाले आणि छापील नमुना पुढे केला. इथवर ठीक होतं. पण काकांनी सवयीनं त्या नमुन्यातल्या तीन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला. नमुना सेक्रेटरींनी स्वतः लिहिलेला होता. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आता असं करा," ते म्हणाले, "तीन प्रती आणा. आणि बाटली तोवर इथेच राहील."

बाटली दोन दिवस फाटकाजवळच्या वॉचमनच्या चौकीत राहिली. येणारा-जाणारा तिच्याकडे बघून सल्ला देऊन जाई. कुणी म्हणालं बर्फ घाला, कुणी म्हणालं बर्फ घातला तर बाद होते, कुणी म्हणालं साखर घालून उकळा, सर्दीला उत्तम. यांपैकी एकानेही ती कधी चाखली नव्हती, पण त्यामुळे सल्ल्याचा जोर तसूभरही कमी झाला नाही.

काकांच्या खालच्या बिऱ्हाडात दातांचे डॉक्टर राहत. हरकत-नाहीवर सही करायला ते एका अटीवर तयार झाले: शनिवारी त्यांनाही जेवायला बोलवायचं. ही गोष्ट सेक्रेटरींच्या कानावर गेली. त्यांनी लगेच जाहीर केलं, की ओला माल उघडताना सोसायटीचा प्रतिनिधी हजर असलेला बरा, आणि प्रतिनिधी म्हणून त्यांना दुसरं कुणी दिसत नव्हतं.

असं करत करत शनिवारी दुपारी काकांच्या जेवणाच्या टेबलाभोवती चार माणसं बसली. काकूंनी पुस्तिका समोर धरून स्वयंपाक केला होता. भाजलेले मश्रूम, भाजलेली कोंबडी, टोमॅटोच्या रसातलं चीज, आणि काकांचा मुद्दा सिद्ध व्हायला हवा म्हणून वाफवलेला मासा. "माझा काही पक्ष नाही," काकू म्हणाल्या. "एकतीस वर्षांत चुकलेले कधी पाहिले नाहीत. आज बघायला मिळालं तर बघावं म्हणते."

आता बाटली उघडायची. बूच काढायचा स्क्रू घरात असणं शक्यच नव्हतं. डॉक्टर धावत खाली जाऊन आपली हत्यारं घेऊन आले. त्यांनी बाटली दिव्याखाली कलती धरली, आत डोकावून बघितलं आणि सवयीनं तिलाच म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." मग ओढलं. अर्धं बूच बाहेर आलं, अर्धं आत राहिलं.

"मूळ राहिलं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

पुढचा पाऊण तास मूळ काढण्यात गेला. शेवटी त्याचा भुगा होऊन आत पडला आणि काकूंनी सगळी वाइन चहाच्या गाळणीतून काचेच्या जगमध्ये गाळली. चार घोटांसाठी एवढा खटाटोप एखाद्या बाळंतपणालाही कुणी केला नसेल.

"थांबा!" काका म्हणाले. "आधी अर्धा तास श्वास घ्यायचा. पान आठ."

आणि खरोखर चारही माणसं अर्धा तास श्वास घेत बसली. नाकानं आत, तोंडानं बाहेर. मधे जगमध्ये मर्लो. कोंबडी गार होत होती. दहाव्या मिनिटाला सेक्रेटरी घोरायला लागले. अर्ध्या तासानं डोळे उघडून काका विजयानं म्हणाले, "किती शांत वाटतंय! दुरुस्ती खरी निघाली."

"अहो, तेवढा वेळ जग उघडाच होता," काकू म्हणाल्या. "तिनंही घेतलाच की श्वास. कुणामुळे काय झालं, कसं सांगणार?"

हा मुद्दा बिनतोड होता. काका पुढे सरकले. पेल्यात ओतलेली वाइन उजेडात धरली. ती 'थोडी' लाल आहे असं म्हणायला आंधळा माणूस लागला असता. गडद, जांभळटाकडे झुकणारी, भरपूर लाल. काकांनी घाईघाईनं पेला खाली आणला आणि माशाचा तुकडा तोंडात टाकून वर एक घोट घेतला.

त्यांच्या तोंडात जे झालं त्याला भांडण हाच शब्द होता. गंजलेला खिळा चघळल्यासारखी चव आली. काकांनी तोंड असं वेडंवाकडं केलं, की डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले.

"माशाशी भांडते म्हणा की," काकू शांतपणे म्हणाल्या.

"तू मधे बोलू नकोस!" काका ओरडले.

"बघा, नाजूक माणसाशीही भांडते," डॉक्टर उत्साहानं म्हणाले. "ही दुरुस्ती खरी धरा, काका!"

"नाजूक कोण?" काकूंनी विचारलं, आणि ती दुरुस्ती जागच्या जागी बाद झाली.

मग काकांनी भाजलेला मश्रूम खाल्ला आणि वर घोट घेतला. पुन्हा मश्रूम, पुन्हा घोट. मश्रूमचा खरपूस धुरकट वास आणि पिकल्या फळासारखी ती वाइन, दोघं जुन्या ओळखीचे असावेत तसे एकमेकांत मिसळले होते. तोंड भरून येत होतं. त्याला भरलं अंग म्हणत असतील तर त्यात अश्लील काही नव्हतं, आणि रंगाचा तर त्याच्याशी संबंधच नव्हता, हे काकांना मनातल्या मनात कबूल करावं लागलं. टोमॅटो आणि चीजबरोबरही तेच. बाईंनी प्रत्येक वाक्य चाखून लिहिलं होतं. आणि आपण? आपण खुर्चीत बसून खोडलं होतं. काकांना एकदम फार वाईट वाटलं.

"गप्प का?" काकूंनी विचारलं. "गोड आहे का?"

"छे! गोड अजिबात नाही," काका जीभ टाळूला लावत म्हणाले. "उलट, बघ ना, गिळल्यावर जीभ कशी अगदी कोर..."

तिथे ते थांबले. पण टेबलावरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. सेक्रेटरींनी खिशातून वही काढली, 'ओला माल' या रकान्यातली नोंद खोडली आणि वाइन रीतसर 'कोरडा माल'मध्ये चढवली.

पाहुणे गेल्यावर काका टेबलाशी बसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं शुद्धिपत्र लिहायला घेतलं. काकू खरकटं आवरता आवरता म्हणाल्या, "वाइनच्या पुस्तकाला शुद्धिपत्र? म्हणजे पिऊनसुद्धा माणूस शुद्धीवर आहे, असा दाखला का?"

"त्यातली शुद्धी वेगळी," काका म्हणाले. एरवी ते यावर अर्धा तास बोलले असते. त्या दिवशी बोलले नाहीत, तेव्हा काकूंनी हातातलं ताट खाली ठेवलं. "खरंच राजीनामा देणार?"

"शब्द दिलाय."

काकूंना हसू येईना. चुकलेले बघायचे होते खरे, पण असे नव्हे.

रविवारी सकाळी शुद्धिपत्र छापलं गेलं आणि दुपारी प्रत्येक पुस्तिकेत एकेक घातलं गेलं. मालकांनी आग्रह केला म्हणून काका-काकू कार्यक्रमाला गेले आणि मागच्या भिंतीला लागून उभे राहिले. काकांच्या खिशात राजीनामा होता, शुद्ध भाषेत लिहिलेला. पाहुणे आले, बसले, पुस्तिका उघडली, आणि पुस्तिका बाजूला ठेवून सगळे तो सुटा कागदच वाचायला लागले. एक आजोबा तर उठून मोठ्यानं वाचू लागले:

"पान तीन: 'थोडी' ऐवजी 'कोरडी' वाचावे. जीभ कोरडी पडते, स्वतः पाहिले आहे. पान पाच: 'रंगाची' ऐवजी 'अंगाची'. त्यात वावगे काही नाही. पान आठ: श्वास वाइनने घ्यावा. पाहुण्यांनी आपला नेहमीप्रमाणे चालू ठेवावा. पान अकरा: 'माणसाशी' ऐवजी 'माशाशी'. माणसाशी भांडण झाल्यास ते त्या माणसामुळे. वरील एकही चूक लेखिकाबाईंची नाही. माझं चुकलं. मुद्रितशोधक."

हॉलभर हशा पिकला. पण शेवटच्या ओळीला हसू जरा वेगळं झालं, मऊ झालं. लोक माना वळवून मुद्रितशोधक कुठे आहे ते शोधायला लागले. बाई पुढे आल्या आणि हसत म्हणाल्या, "काका, एक राहिलंच. कोरडी म्हणजे गोड नसलेली. जीभ कोरडी पडते ती द्राक्षाच्या सालीतल्या तुरटपणामुळे. दोन गोष्टी वेगळ्या."

म्हणजे शुद्धिपत्रही चुकलं होतं! काकांनी डोळे मिटले, खिशातला राजीनामा काढला आणि मालकांच्या हातात दिला.

मालकांनी तो उभ्याउभ्या वाचला. "काल तुमची ती पुस्तिका मी प्रोग्रामला दाखवली," ते म्हणाले. "तो म्हणाला एकही चूक नाही. मग बाईंचा मूळ मजकूर दाखवला. म्हणाला, यातही एकही चूक नाही. त्याला थोडीही चालते आणि कोरडीही चालते. चुकल्याचं वाईट वाटणारा माणूस मला कुठे मिळणार, काका?" आणि त्यांनी राजीनामा घडी घालून परत काकांच्या खिशात ठेवला. "उद्या वेळेवर या. शुद्धिपत्राचं शुद्धिपत्र छापायचंय."

निघताना दोन पाहुण्यांनी काकांकडून शुद्धिपत्रावर सही मागून घेतली. बायकोला दाखवायला हवं, पिऊनही शुद्धीवर होतो म्हणून, असं त्यातला एकजण म्हणाला. काकांनी सही केली आणि चक्क काही समजावून सांगितलं नाही.

संध्याकाळच्या उजेडात दोघं घराकडे चालत निघाली, काकांच्या हातात उरलेल्या पुस्तिकांची पिशवी. काकू म्हणाल्या, "'माझं चुकलं.' एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं तुमच्या हातचं. आता एक शुद्धिपत्र संसाराचंही काढा."

काका हसले. "सोळा पानांत मावेल?"

"घ्या लिहून. मी सांगते. पान एक, ओळ एक," काकू समोर बघतच म्हणाल्या. "लग्न ठरल्यावर मी तुम्हाला पहिलं पत्र लिहिलं. तुम्ही ते लाल शाईत दुरुस्त करून मला परत पाठवलंत."

"त्यात सात चुका होत्या," काका लगेच म्हणाले. आणि मग चालता चालता थांबले. त्यांनी काकूंच्या चेहऱ्याकडे बघितलं. इतकी वर्षं ही गोष्ट तिनं मनात ठेवली होती, आणि आपल्याला वाटत होतं की ती केव्हाच हसून विसरली.

"आठ," काका म्हणाले. "आठवी माझी. परत पाठवायला नको होतं गं."

काकूंनी पदरानं नाक पुसलं आणि त्यांच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"बरं," त्या म्हणाल्या. "ओळ दुसरी."